पुढच्या भेटीत काय विचाराल, ते आजच ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. तीन वर्षं ओपीडीत बसताय. मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं वजन, सिगारेट, दिवसभर हेच चालू असतं. प्रत्येकाला मनापासून समजावता, आहाराचा छापील तक्ता हातात देता, माणूस मान हलवून जातो आणि तीन महिन्यांनी तीच शुगर, तेच वजन घेऊन परत समोर बसतो. एकेका रुग्णाला जेमतेम सात-आठ मिनिटं मिळतात. "मी नेमकं काय बोलू, म्हणजे लोक ऐकतील?" असं तुम्ही विचारलंय.

सत्तावीस वर्षं हे काम केल्यावर माझं उत्तर असं आहे: पहिल्या भेटीत तुम्ही काय बोलता यावर फार थोडं अवलंबून असतं. दुसऱ्या भेटीत तुम्ही काय विचारता यावर पुष्कळ असतं. आणि आपल्यातले बहुतेक जण दुसऱ्या भेटीत त्या गोष्टीबद्दल नीट विचारतच नाहीत. रिपोर्ट बघतात, आकडा वाढलेला असेल तर गोळी वाढवतात, "पथ्य पाळताय ना?" म्हणतात आणि उत्तर येईपर्यंत केसपेपर मिटलेला असतो. मीही कितीतरी वर्षं असंच केलं.

हे नुसतं माझं मत नाही. १९७९ साली लंडनमध्ये मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २८ फॅमिली डॉक्टर, आणि सिगारेट ओढणारे त्यांचे दोन हजारांहून जास्त रुग्ण. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला सिगारेटबद्दलची प्रश्नावली भरायला दिली. तिसऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत सोडायला सांगितलं. चौथ्याला तोच सल्ला, सोबत एक पत्रक आणि "पुढे आम्ही तुमची चौकशी करणार आहोत" अशी आगाऊ सूचना. पहिल्याच महिन्यात सोडून वर्षभरानंतरही न ओढणारे लोक पहिल्या गटात ०.३ टक्के निघाले, दुसऱ्यात १.६, तिसऱ्यात ३.३ आणि चौथ्यात ५.१. शंभरात पाच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण महिन्याला सिगारेट ओढणारे दोनशे जण तुमच्यासमोर येत असतील, तर एक-दोन मिनिटांच्या बोलण्यातून दरमहा नऊ-दहा माणसं सुटली. आपल्या हातातलं दुसरं कुठलं औषध इतक्या कमी वेळात एवढं देतं?

दुसरा अभ्यास तुम्हाला माहीत असणारच. अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम, निष्कर्ष २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ लोक. आहार आणि व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. हे आकडे आपण व्याख्यानांत नेहमी दाखवतो. वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, हे लक्ष्यही सांगतो. सांगायचं राहून जातं ते हे, की त्या लोकांना पहिल्या २४ आठवड्यांत प्रशिक्षण घेतलेल्या माणसाबरोबर समोरासमोर १६ सत्रं मिळाली होती आणि त्यानंतरही दरमहा भेट होती. सल्ल्यात जगावेगळं काही नव्हतं, तुमच्या छापील तक्त्यातही तोच असेल. मला त्यातला मोठा भाग वाटतो तो "मागच्या आठवड्यात काय झालं?" असं विचारणारं कोणीतरी ठरलेल्या दिवशी हजर होतं, हा.

तुमच्याकडे १६ सत्रं नाहीत, माझ्याकडेही नव्हती. म्हणून आहे त्या वेळात काय बसवता येतं ते एका रुग्णावरून सांगते.

एका गोदामावर रात्रपाळी करणारा पहारेकरी. वय पन्नासच्या आसपास, मधुमेह सहा वर्षांचा. माझ्याकडे दीड वर्ष येत होता आणि प्रत्येक भेटीत मी त्याला "रोज सकाळी अर्धा तास चाला" असं सांगत होते. तो "हो" म्हणायचा. केसपेपरवर माझ्याच अक्षरात चार वेळा "चालण्याचा सल्ला दिला" असं लिहिलेलं होतं. पाचव्या वेळी मी सल्ला बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमची रात्र कशी जाते ते मला सांगा. दहा वाजल्यापासून."

त्याने सांगितलं. दहा वाजता ड्यूटी सुरू. बारापर्यंत गाड्या येतात, वेळ जातो. एकनंतर सगळं शांत. "तीन ते साडेचार फार वाईट, डॉक्टर. डोळे उघडे राहत नाहीत. मग गोड थंड पेयाची बाटली उघडतो. नाहीतर उभ्या उभ्या झोप लागेल."

"किती लागतात?"

"दोन. कधी तीन."

"आणि सकाळी?"

"सात वाजता घरी पोचतो, की झोपतो."

सकाळी सातला घरी येऊन अंथरुणावर पडणाऱ्या माणसाला मी दीड वर्ष सकाळी फिरायला पाठवत होते. "हे आधी का नाही बोललात?" असं मी विचारलं. तो अगदी साधेपणाने म्हणाला, "तुम्ही चाला म्हणायचात. मी हो म्हणायचो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. डॉक्टरांशी असंच बोलायचं असतं, अशी त्याची समजूत होती आणि ती त्याला आपणच करून दिलेली होती. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांचं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. एकदा तोडलं की माणूस बहुतेक वेळा राहिलेलं बोलतच नाही. तो "हो" वर येतो.

मग मी त्याला दुसरा प्रश्न विचारला: "शुगर खाली आली तर रोजच्या जगण्यात काय बदललेलं तुम्हाला आवडेल?" मला वाटलं, तो डोळे किंवा किडनी म्हणेल, कारण भिंतीवरच्या चित्रात तेच होतं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "रात्री पाच-सहा वेळा लघवीला जावं लागतं. गेट सोडून जावं लागतं. दोनदा सुपरवायझरनं पकडलंय. नोकरी जाईल."

त्याचं कारण हे होतं. वीस वर्षांनी होणारा किडनीचा त्रास त्याच्या हिशेबात नव्हता, आज रात्री सुटणारं गेट होतं. आणि वैद्यकीयदृष्ट्याही ते अगदी बरोबर होतं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडायला लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. मी त्याला एवढंच म्हटलं, "तीनला बाटली पिताय, आणि साडेचारला तीच तुम्हाला गेट सोडायला लावतेय." तो माझ्याकडे बघत राहिला. सहा वर्षांत हे त्याला कोणी त्याच्या घड्याळात बसवून सांगितलं नव्हतं.

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येवर काम करताना लिहिलेल्या लेखातून ही पद्धत पुढे आली आणि नंतर स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी ती वाढवली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग हे तिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिचं मर्म माझ्या भाषेत असं: सवय बदलायची म्हटली की प्रत्येकाचं मन दोन्हीकडे ओढ घेत असतं. सोडावंसंही वाटतं आणि सोडवतही नाही. तुम्ही "सोडा" या बाजूने जोर लावलात की माणूस आपोआप दुसऱ्या बाजूने बोलायला लागतो, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं ऐकून त्याच बाजूला घट्ट होतो. म्हणून बदलाचं कारण त्याच्या तोंडून यायला हवं. आपल्याला रुग्ण दिसला की त्याला ताबडतोब दुरुस्त करण्याची घाई होते. ती चांगल्या मनातूनच येते, पण ऐन वेळी तीच आडवी येते.

एक प्रश्न मी अजूनही रोज वापरते. "शून्य ते दहा, हे बदलणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं?" समजा माणूस म्हणाला, चार. तुमच्या ओठावर येईल, "फक्त चार?" ते गिळा. विचारा, "चार का? दोन का नाही?" दोन का नाही याचं उत्तर देताना तो स्वतःच बदलाची कारणं सांगू लागतो. हा प्रश्न उलटा विचारलात, "आठ का नाही?" असा, तर तो अडचणींची यादी वाचेल. शब्दांचा एवढासा फरक, पण संभाषणाची दिशा पालटते. करून बघा.

आता ठरवण्याबद्दल. पहारेकऱ्याला मी काही सुचवण्याआधी विचारलं, "यातलं तुम्हाला काय हलवता येईल असं वाटतं?" तो म्हणाला, पहिली बाटली सुटणार नाही, पण दुसरीच्या वेळी पाणी पिऊन गोदामाला एक चक्कर मारतो, तसंही दर तासाला मारायची असतेच, मी टाळतो. माझ्या तक्त्यात हे कुठेच बसलं नसतं. तक्त्याप्रमाणे पहिली बाटलीही चूक आहे, आणि आहेच. तरी मी हो म्हटलं. एक बाटली कमी होणं आणि चार-पाचशे पावलं वाढणं हे त्याच्या रात्रीत बसत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही सलग दहा मिनिटं चाललंत तरच ते धरायचं, ही जुनी अट काढून टाकलीय. थोडी हालचालही जमेस धरतात. आठवड्याचं लक्ष्य १५० ते ३०० मिनिटांचं आहे, पण तिथे पोचायची घाई पहिल्याच दिवशी करू नका.

ठरवताना वेळ आणि प्रसंग नेमका हवा. "कमी खाईन", "जास्त चालेन" हे ठरवणं नव्हे. "रात्री तीनला दुसऱ्या बाटलीकडे हात गेला की पाणी प्यायचं आणि चक्कर मारायला निघायचं", हे ठरवणं. अमुक झालं की तमुक करायचं, अशा बांधणीवर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय. नेमका प्रसंग ठरलेला असला की त्या वेळी वेगळी इच्छाशक्ती गोळा करावी लागत नाही, प्रसंगच आठवण करून देतो. मग विचारा, "हे जमेल याची दहापैकी किती खात्री?" सातच्या खाली उत्तर आलं तर गोष्ट आणखी लहान करा. रुग्णाला जोर देऊ नका. बऱ्याच जणांची या टप्प्यावर गल्लत होते: खात्री कमी दिसली की ते उत्साह वाढवायला बघतात, तेव्हा खरं तर काम छोटं करायचं असतं.

आणि मग ते लिहा. त्याच्या शब्दांत, केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात, पुढच्या वेळी पान उघडताच दिसेल असं. मी लिहिलं होतं: "रात्री ३. दुसरी बाटली नाही, पाणी + चक्कर. कारण: गेट." एवढंच. "आहार व व्यायामाविषयी समुपदेशन केले" या ओळीचा पुढच्या भेटीत कुणालाही काही उपयोग नसतो. लिहिणाऱ्यालाही नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, ती दुसरी भेट.

ती तीन महिन्यांनी ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी रोजच्या रोज नोंदवल्या. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला, मधला आकडा ६६ चा. एकवीस दिवसांत सवय लागते, हे तुम्ही रुग्णांना सांगत असाल तर आजपासून सांगू नका. बाविसाव्या दिवशीही कष्ट पडतात आणि त्याला वाटतं, आपल्यातच खोट आहे. आणि तीन महिन्यांनी तुम्ही विचाराल तेव्हा ती सवय एकतर लागलेली असते किंवा केव्हाच सुटलेली असते. खरी गरज पहिल्या दोन आठवड्यांत असते. त्या वेळी रुग्णाला तुमच्याकडे बोलावणं जमत नसेल तर नर्स, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट किंवा आरोग्यसेविका, कुणीही दोन मिनिटांचा फोन करू शकतं. कोपऱ्यातली ती ओळ समोर असली की पुरे. फोन येणार आहे हे मात्र रुग्णाला आधी सांगा. रसेल यांच्या चौथ्या गटात तेच केलं होतं.

पहारेकरी दोन आठवड्यांनी आला. रिपोर्ट उघडायच्या आधी मी विचारलं, "रात्री तीनचं काय झालं?"

मला हे लक्षात राहिल्याचं त्याला नवल वाटलं. मग बोटांवर मोजून म्हणाला, "चौदातल्या नऊ रात्री जमलं." मी विचारलं, त्या नऊ रात्रींत सगळ्यात अवघड कोणती होती आणि ती कशी निभावली? "पाऊस होता त्या रात्री. चक्कर नाही मारली. तोंडावर पाणी मारलं आणि जागेवरच उभा राहिलो." ही युक्ती मला सुचली नसती. कोपऱ्यातल्या ओळीखाली मी तीही लिहिली.

यश आलं तर "शाब्बास" म्हणायला हरकत नाही, पण तिथे थांबू नका. कसं जमवलं ते विचारा. ते सांगताना माणसाला स्वतःचीच रीत कळते, आणि अडचण पुन्हा आली की तीच कामाला येते. तुमची शाबासकी घरी पोचेपर्यंत विरून जाते.

जमलं नसेल तर? इथे सगळ्यात जपून. आपला चेहरा पडतो, आवाजात किंचित निराशा येते आणि रुग्ण पुढच्या वेळेपासून खोटं बोलायला लागतो. रुग्ण खोटं बोलतात अशी तक्रार मी अनेक सहकाऱ्यांकडून ऐकते. माझ्या अनुभवात, खरं बोलल्यावर आपण त्यांना ओरडलेलं असतं, म्हणून ते खोटं बोलतात. "नाही जमलं" हे ऐकल्यावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "बरं झालं सांगितलंत. आपण ठरवलं त्यात काहीतरी बसलं नसणार. कुठे अडलं?" हे मी समजूत घालायला म्हणत नाही. औषध लागू पडलं नाही तर आपण औषध बदलतो, रुग्णाला दोष देत नाही. बेताचंही तसंच आहे. बऱ्याचदा अडचण अगदी साधी निघते. एका बाईंनी मीठ कमी करायचं ठरवलं होतं, पण घरात स्वयंपाक त्या करतच नव्हत्या. जी व्यक्ती करत होती, ती कधी माझ्या खोलीत आलीच नव्हती. पुढच्या भेटीला दोघांना बोलावलं आणि पाच मिनिटांत प्रश्न सुटला.

मधेच एखादा दिवस मोडला तर लाली यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट रुग्णाला जरूर सांगा: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. नुकसान करतो तो त्यानंतरचा विचार, "मोडलंच आहे, आता कशाला पाळायचं". ॲलन मार्लट यांनी व्यसनांच्या संदर्भात हे नीट मांडलंय. एक सिगारेट ओढणं आणि पुन्हा सिगारेट ओढू लागणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये बहुतेक वेळा शरम उभी असते. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, "मधे एखादा दिवस मोडेल. त्या दिवशी मला तोंड दाखवायला लाजू नका. त्याच दिवशी फोन करा."

ज्यांची तयारीच नाही, त्यांच्याबद्दल थोडक्यात. माणूस सवय टप्प्याटप्प्याने बदलतो, या प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांच्या १९८३ च्या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप आले, आणि माणसं त्या पायऱ्या तितक्या शिस्तीत चढत नाहीत हे मीही पाहिलंय. मी त्यातून एकच गोष्ट घेते: ज्याला आज बदलायचं नाही, त्याच्या हातात बेत कोंबू नका. सिगारेट ओढणाऱ्या एका गृहस्थांना मी जवळजवळ चार वर्षं दर भेटीत विचारत राहिले, "याबद्दल आज बोललं तर चालेल?" ते म्हणायचे, नको. मी म्हणायचे, ठीक आहे, पुढच्या वेळी पुन्हा विचारेन. मधे ना भाषण, ना भीती. एका भेटीत घाईगर्दीत मी विचारायला विसरले, तर उठता उठता ते स्वतःच म्हणाले, "आज विचारलं नाहीत." ते परत खुर्चीत बसले. त्या दिवशी आम्ही निकोटिनचे च्युइंगम आणि पॅच याबद्दल बोललो, सोडायची तारीख ठरवली आणि तीन दिवसांनी फोन करायचा ठरला. सिगारेटच्या बाबतीत औषधाची मदत जरूर द्या. नुसत्या निर्धारावर सोडणाऱ्यांपेक्षा औषध आणि आधार दोन्ही मिळालेल्यांना यश जास्त येतं, यावर आता वाद उरलेला नाही.

वजनाचा विषय काढायला तुम्हाला संकोच वाटतो, असंही तुम्ही लिहिलंय. २०१६ मध्ये पॉल अव्हेयार्ड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दुसऱ्याच कामासाठी डॉक्टरांकडे आलेल्या १,८८२ लोकांवर अभ्यास केला. एका गटात डॉक्टरांनी फक्त ३० सेकंद घेतले: वजन कमी करायला मदत करणारा एक गट आहे, तुम्हाला पाठवू का? हो म्हटलं तर तिथल्या तिथे नाव नोंदवून पुढची वेळ ठरवली जायची. दुसऱ्या गटाला तब्येतीसाठी वजन कमी करा, एवढंच सांगितलं. वर्षाने पहिल्या गटाचं वजन सरासरी २.४ किलोने उतरलं होतं, दुसऱ्याचं १ किलोने. आणि डॉक्टरांचं हे बोलणं अनुचित व निरुपयोगी वाटलं असं म्हणणारे शंभरात एकसुद्धा नव्हते. लोकांना विषय काढल्याचा राग येत नाही, टोमण्याचा येतो. "वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" असं परवानगी मागून विचारलंत, तर बहुतेक जण सुटल्यासारखा श्वास सोडतात.

आता जिथे "हळूहळू, छोटं छोटं" हे चालत नाही त्या जागा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला "आजपासून एकदम बंद" असं कधीही सांगू नका. एकदम थांबवल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला देखरेखीखाली थांबवावं लागतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण जेवण कमी करणार असेल किंवा चालणं वाढवणार असेल, तर डोस आधी बघा. नाहीतर तुमचाच सल्ला पाळून त्याची शुगर घसरेल, त्याला घाम फुटेल, हातपाय थरथरतील आणि व्यायाम आपल्याला सोसत नाही असा धडा तो कायमचा घेईल. छातीत दुखणं, चालताना दम लागणं असेल तर आधी हृदय तपासा. आणि सगळं करूनही वजन वाढतच असेल तर औषधांच्या यादीवरून नजर फिरवा: इन्सुलिन, स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरची औषधं वजन वाढवतात. तो माणूस नियम पाळत असेल आणि आपण त्याच्यावर शंका घेत असू, हे फार अन्यायाचं आहे.

त्याचबरोबर, जो माणूस काहीच ठरवू शकत नाही, त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? दोन्हींपैकी एकालाही हो आलं तर व्यायामाचं बोलणं थांबवा आणि आधी त्याच्या मनाकडे वळा. नैराश्यात असलेल्या माणसाला आळशी समजून मी काही जणांवर चिडले आहे. ते चेहरे मला अजून आठवतात.

तुम्ही शेवटी लिहिलंय की आता थकवा येतो, आपल्या सांगण्याला अर्थच नाही असं वाटतं. तो थकवा खरा आहे, आणि माझ्या मते तो बराचसा दुसऱ्याचं आयुष्य आपण ओढत न्यायचं, या समजुतीतून येतो. उद्या सगळी ओपीडी बदलायला जाऊ नका. तीन रुग्ण निवडा. शक्यतो असे, जे पुढच्या पंधरा दिवसांत परत येणार आहेत किंवा ज्यांना फोन करता येईल. पहिली दीड-दोन मिनिटं त्यांचा दिवस किंवा रात्र ऐका, मधे न बोलता. मग "काय बदललेलं आवडेल?", मग त्यांनीच निवडलेली एक गोष्ट, वेळ आणि प्रसंगासकट. ती कोपऱ्यात लिहा, त्यांना एकदा आपल्या शब्दांत परत सांगायला लावा, आणि पुन्हा कधी विचारणार तो दिवस सांगा. पहिल्या काही वेळा सातची दहा मिनिटं होतील. तपासणी, प्रिस्क्रिप्शन धरून सातात बसायला मला दोनेक महिने लागले.

पंधरा दिवसांनी त्या तिघांपैकी कुणी समोर आलं की संगणकावरचा रिपोर्ट उघडण्याआधी कोपऱ्यातली ओळ वाचा आणि तिच्याबद्दल विचारा. कुठे अडलं, ते मला कळवा. ती ओळ जशीच्या तशी लिहून पाठवलीत, नावगाव काढून, तर तिच्यावर आपल्याला नेमकं बोलता येईल.